वाचकांचे प्रश्न: नऊ बास्केटांचा छोटा डिस्क गोल्फ कोर्स

अमेरिकेतल्या वाचकांची डिस्क गोल्फबद्दलची पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. या खेळात प्लास्टिकची चकती (डिस्क) ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, फेकायला सुरुवात करून कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची असते. बास्केट म्हणजे खांबावर वर पट्टा, मध्ये लटकत्या साखळ्या आणि खाली ट्रे. बहुतेकांच्या घराजवळच्या बागेत नऊ बास्केटांचा कोर्स आहे, खेळायला पैसे पडत नाहीत आणि तासाभरात फेरी आटोपते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. शेवटचा प्रश्न पुण्याचा आहे.

आम्ही चौघे, मुले आठ आणि बारा वर्षांची. दुकानात शेकडो डिस्क दिसतात. नेमके काय घ्यावे? (न्यू जर्सी)

प्रत्येकी दोनच घ्या: एक पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतराची). लांब फेकीची डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, सध्या दुकानातच राहू द्या.

छोट्या कोर्सवर टीपासून बास्केट साधारण ४० ते ९० मीटरवर असते. नवा खेळाडू ५०-६० मीटर फेकतो, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तो पहिल्या फेकीतच बास्केटच्या आसपास पोचू शकतो. तिथे ताकदीपेक्षा दिशा महत्त्वाची. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा आणि चौथा वेग ओसरल्यावर बाजूला ओढली जाण्याचा. पहिला आकडा १२ असलेल्या ड्रायव्हरला हाताचाही तेवढा वेग लागतो. तो मिळाला नाही तर डिस्क उडण्याआधीच डावीकडे कोसळते आणि खेळणाऱ्याला वाटते की आपल्याला जमत नाही. पटरचा हा आकडा २-३ आणि मिडरेंजचा ४-५ असतो. इनोव्हा कंपनीचा एव्हिआर (२, ३, ०, १) आणि डिस्कक्राफ्टचा बझ (५, ४, उणे १, १) ही जोडी वर्षानुवर्षे लोक वापरत आले आहेत. ती घेतली तर चूक होणार नाही.

मोठ्यांसाठी १७० ते १७५ ग्रॅम आणि मुलांसाठी १४० ते १५० ग्रॅम वजन ठीक. पटर साध्या, किंचित खडबडीत प्लास्टिकचा घ्या. तो हातातून सटकत नाही आणि साखळ्यांत चांगला अडकतो. मिडरेंज टिकाऊ प्लास्टिकचा असावा, कारण झाडांवर तोच आपटणार. रंग नारिंगी किंवा गुलाबी. हिरवी डिस्क गवतात सापडत नाही आणि पिवळी पानगळीत. मागच्या बाजूला पक्क्या मार्करने फोन नंबर लिहा; सापडलेली डिस्क फोन करून परत देण्याची या खेळात चांगली प्रथा आहे. झेलाझेलीची रुंद चकती मात्र इथे चालवू नका. तिची कड बोथट असते, त्यामुळे ती हवा कापत नाही आणि वाऱ्याबरोबर वाहवत जाते.

माझी डिस्क सुटताच वर चढते, मग डावीकडे वळून पडते. जोर वाढवला की आणखी वर जाते. (ऑस्टिन)

यात दोन गोष्टी एकत्र घडत आहेत, त्या वेगळ्या करून पाहू.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकलेली डिस्क वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग कमी झाला की हवा तिचे पुढचे टोक उचलू पाहते. पण ती भिंगरीसारखी फिरत असल्यामुळे तो जोर पुढे न लागता बाजूला लागतो आणि डिस्क डावीकडे कलते. म्हणजे शेवटी डावीकडे जाणे हा तिचा स्वभावच आहे. तो गृहीत धरून बास्केटच्या दोन-तीन मीटर उजवीकडे नेम धरा.

वर चढणे हा मात्र हाताचा दोष आहे. डिस्क सुटताना तिचे पुढचे टोक वर असते, म्हणून ती चढते, वेग लवकर गमावते आणि मग डावीकडची ओढ वेळेआधी सुरू होते. जोर वाढवला की चढणेही वाढते. कारणे बहुतेक वेळा तीन असतात. पहिले, मनगट वरच्या बाजूला वळलेले असते. हस्तांदोलन करून किंचित खाली झुकवल्यासारखे ते ठेवा. दुसरे, डिस्क तळहाताच्या मधोमध धरलेली असते. ती तर्जनीच्या मुळाजवळून, हाताच्या रेषेत धरायला हवी. अंगठा वरच्या पृष्ठावर, कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत, घट्ट दाबलेला असावा. तो सैल पडला की पुढचे टोक वर येते. तिसरे, खेळाडू मागच्या पायावर रेलून फेकतो. उजवा पाय पुढे टेकला की वजन त्याच्यावर यायला हवे, त्यानंतरच हात ओढायचा.

धावत येणे आठवडाभर बंद ठेवा. जागेवर उभे राहून, अर्ध्या जोराने, डिस्क छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढा. कोपर शरीरापासून दूर, पुढे जाऊ द्या. मागे नेलेला हात अंगाला वळसा घालून गेला तर डिस्क सुटते वेळी उजवीकडे भरकटते. पटरनेच सराव करा, कारण पटर चूक लपवत नाही. तो ४० मीटर न डगमगता जाऊ लागला की मिडरेंज आपोआप सुधारतो.

उजवीकडे वळणाऱ्या मार्गासाठी फोरहँड शिकावा. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावताना मनगट जसे झटकते तसे इथे झटकायचे. या फेकीत फिरण्याची दिशा उलट असल्याने डिस्क शेवटी उजवीकडे जाते.

पाच मीटरवरूनही डिस्क साखळ्यांना लागून बाहेर पडते. (सिनसिनाटी)

साखळ्यांच्या कुठल्या भागावर ती लागते ते आधी पाहा. उजव्या हाताच्या खेळाडूची डिस्क शेवटी डावीकडे सरकते. मधल्या खांबाच्या किंचित उजवीकडे ती लागली तर खांबाकडे वळून आत पडते. खांबाच्या डावीकडे जोरात लागली तर साखळ्यांतून पार होऊन निसटते. म्हणून पूर्ण बास्केटकडे न पाहता खांबाच्या थोडी उजवीकडची एकच कडी निवडा आणि डिस्क हातातून सुटल्यानंतरही नजर तिथेच ठेवा.

डिस्क खालच्या ट्रेच्या कडेवर आदळत असेल तर पाय काम करत नाहीत. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन जाऊ द्या आणि हात बास्केटकडे पूर्ण ताणून थांबवा. वरच्या पट्ट्यावर आदळत असेल तर पुढचे टोक वर आहे.

सरावाची पद्धत: तीन मीटरवरून दहा फेका. आठ आत गेल्या तर एक मीटर मागे, सहापेक्षा कमी गेल्या तर एक मीटर पुढे. रोज पंधरा मिनिटे पुरतात. नऊ बास्केटांच्या फेरीत दहा मीटरच्या आतल्या या फेकींवरच गुणसंख्या ठरते. नवे खेळाडू नेमका हाच सराव टाळतात, याचे वाईट वाटते.

गुण कसे मोजायचे? डिस्क तळ्यात गेली किंवा बास्केटच्या माथ्यावर बसली तर? (सॅन होजे)

प्रत्येक फेकीला एक गुण. छोट्या कोर्सवर सहसा सगळ्या बास्केटांचा पार (अपेक्षित फेकी) ३, म्हणून फेरीचा पार २७. डिस्क पडली तिथे छोटी मार्कर-डिस्क ठेवा आणि तिच्या लगेच मागे पाय ठेवून पुढची फेक करा. बास्केटपासून लांब असलेला आधी फेकतो. दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय मार्करच्या पुढे पाऊल टाकायचे नाही.

तळे हद्दीबाहेर धरलेले असेल आणि डिस्क पूर्णपणे त्यात असेल तर दंड म्हणून एक गुण वाढवा. मग जिथे ती शेवटची हद्दीत होती तिथून एक मीटरपर्यंत आत येऊन खेळा, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा फेका. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटे. नाही सापडली तर एक दंड आणि आधीची जागा. माथ्यावर बसलेली डिस्क आत गेली असे धरत नाहीत. ती साखळ्यांवर किंवा ट्रेमध्ये स्थिरावली पाहिजे.

बागेत फिरणाऱ्यांचा हक्क पहिला. कोणी वाटेत असेल तर थांबा. डिस्क भरकटली तर मोठ्याने "फोर!" ओरडा. वेगात आलेली डिस्क डोक्याला लागली तर गंभीर इजा होते.

वाऱ्यात काय बदलावे? (शिकागो)

समोरून वारा असेल तर डिस्क जास्त वेगात असल्यासारखी वागते, उजवीकडे वळू पाहते आणि वर उचलली जाते. अशा वेळी चौथा आकडा मोठा असलेली डिस्क घ्या, कमी उंचीवरून जाईल अशी फेका, जोर कमी ठेवा. मागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते. थोडी उंच फेका.

सोसायटीमागच्या मैदानात आम्हाला नऊ लक्ष्ये मांडायची आहेत. बास्केट महाग आहेत. (पुणे)

बास्केट नसले तरी अडत नाही. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला रीतसर कोर्स आखला तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. साखळ्यांचे बास्केट त्यांनी नंतर तयार केले.

बांबू किंवा पाइप उभे करा आणि जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर आणि दीड मीटरवर रंगीत पट्ट्या बांधा. डिस्क या दोन पट्ट्यांच्या मध्ये खांबाला लागली की झाले. अंतरे ३५ ते ७० मीटर ठेवा आणि ती एकसारखी नकोत: दोन डावीकडे वळणारी, दोन उजवीकडे, एखादे झाडांमधून. दोन मार्ग एकमेकांना छेदू नयेत. एका लक्ष्यामागे दुसऱ्याची टी नको, कारण तिथे उभ्या माणसाला डिस्क लागते. चालण्याच्या वाटेपासून आणि मुलांच्या झोपाळ्यांपासून किमान २० मीटर दूर राहा. पहिली टी आणि नववे लक्ष्य जवळजवळ असले की लगेच दुसरी फेरी सुरू करता येते. पावसाळ्यात टीच्या जागी चिखल होऊन पाय घसरतो, म्हणून तिथे दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब पट्ट्यात मुरूम टाकून चोपून घ्या.