थुंकीच्या नळीवर सही करण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. आम्ही पारधी. गेल्या महिन्यात वस्तीवर एका संस्थेची माणसं आली. ‘मुलांमधली आक्रमकता आणि जनुकं’ असा अभ्यास आहे म्हणाली. सुई नाही, नळीत नुसती थुंकी द्यायची, बदल्यात मोफत तपासणी. तीन पानी फॉर्मच्या शेवटी लिहिलंय, ‘नमुना भविष्यातील इतर संशोधनासाठी वापरता येईल.’ पोरांचं भलं होणार असेल तर नाही का म्हणू? पण आजेसासू सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, म्हणजे इंग्रजांनी आमच्या लोकांना कुंपणात ठेवलं होतं तिथल्या, हजेरीच्या गोष्टी सांगायच्या. त्या आठवतात आणि हात थांबतो.
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, हात थांबला ते बरंच झालं. मी नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर आहे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर. अशा समितीत डॉक्टर-वकिलांसोबत एक साधा नागरिक असावाच लागतो, ती मी. तुम्ही दाखवलेलं वाक्य मी सगळ्यात आधी शोधते.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोक समजले, मधुमेहासाठी. फॉर्मवर मात्र ‘वर्तनाचे आणि वैद्यकीय विकार’ असे मोघम शब्द होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा अभ्यास झाला, जमातीत आपसात किती लग्नं होतात हे तपासलं गेलं, त्यांचे पूर्वज कुठून आले हेही. आपली जमात त्या दरीतच जन्मली, ही तर त्यांची श्रद्धा. २००३ मध्ये जमातीतली एक बाई विद्यापीठात एका प्रबंधाचं सादरीकरण ऐकायला बसली होती. रक्त आपल्याच लोकांचं आहे हे कळल्यावर तिने उठून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं.

तुमच्या फॉर्ममध्ये मला आणखी एक गोष्ट टोचते. सही तुमची एकटीची, पण निष्कर्षावर नाव लागेल ते सगळ्या पारध्यांचं. २००६ मध्ये न्यूझीलंडच्या माओरींबद्दल असंच झालं. एका जनुकाचा प्रकार त्यांच्यात जास्त आढळतो एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी ‘योद्धा जनुक’ म्हणून मथळे दिले. याच जनुकावर त्याच देशातल्या ड्युनेडिन शहरात मुलांचा अभ्यास आधी, २००२ मध्ये, छापून आला होता. त्यात एकट्या जनुकाने फारसं काही ठरत नव्हतं; लहानपणी मारझोड, हेळसांड झालेल्या मुलांमध्ये त्याचा फरक दिसला. मारझोडीचा मथळा कुणी केला नाही. आणि तुमच्या माणसांना तर जन्मतः गुन्हेगार ठरवायला इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याला जनुकाचीही गरज लागली नव्हती. तो शिक्का १९५२ ला कागदावरून गेला. वस्तीवर पोलीस आले की तो गेलाय असं वाटतं का, हे तुम्हीच जाणता.

म्हणून त्या माणसांना विचारा : मुलं याच वस्तीवरची का निवडली? शेजारच्या गावातली, शहरातल्या बंगल्यांतली का नाहीत? अहवालात जमातीचं नाव येणार का? छापण्याआधी वस्तीला वाचून दाखवणार का? नळी किती वर्षं ठेवणार, कुणाला देणार? ‘इतर संशोधन’ खोडून सही केली तर चालेल का? नाही म्हणाले, तर सही करू नका. मोफत तपासणी सरकारी दवाखान्यातही होते, त्यासाठी थुंकी द्यावी लागत नाही. सही केलीत तरी पुढे कधीही माघार घेता येते. तसं फॉर्मवर लिहिलेलं असलंच पाहिजे.

आणि मुलाला विचारलंत का? आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे नियम ठरवणारी सरकारी परिषद; तिच्या २०१७ च्या नियमांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा लागतो, आईबापांच्या सहीशिवाय वेगळा. त्याला ‘आक्रमकता’ म्हणजे काय ते सोपं करून सांगा, हा अभ्यास कशाचा आहे तेही. तो नको म्हणाला, तर त्याचं नको हे नकोच.

फॉर्मवर नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. तो नसेल, तर त्या माणसांना चहा पाजून परत पाठवा आणि मला कळवा.