वडिलांच्या अपंगत्व पेन्शनची ‘जादा गेलेली’ रक्कम बँक परत मागतेय. भरावीच लागेल का?

बँकेने पत्रासोबत जोडलेल्या वसुलीच्या संमतीपत्रावर वडिलांची सही झाली नसेल, तर होऊ देऊ नका. झाली असेल तर घाबरू नका, पण त्याची झेरॉक्स उद्याच मागून घ्या.

तुम्ही लिहिलंय की वडील सैन्यात नायक होते, 2004 मध्ये 40 टक्के अपंगत्वावर बोर्ड आऊट झाले, म्हणजे वैद्यकीय बोर्डाने त्यांना सेवेतून मोकळं केलं. आता बँक म्हणते 2006 पासून अपंगत्वाची रक्कम जास्त गेली, 2 लाख 86 हजार परत करा, नाहीतर पेन्शनमधून दरमहा कापू. आणि वडील म्हणतात, सरकारचे पैसे आहेत, भरून टाकू. हे शेवटचं वाक्य वाचूनच मी लिहायला बसले, कारण 2017 मध्ये आमच्या घरात हेच वाक्य रोज ऐकू यायचं.

आमचे आबा हवालदार. 1999 मध्ये पायाच्या दुखापतीने बोर्ड आऊट, 30 टक्के. बँकेने त्यांच्याकडे 3 लाख 12 हजार 480 रुपये मागितले आणि उत्तराची वाटही न बघता पुढच्या महिन्यापासून पेन्शनचा तिसरा हिस्सा कापायला सुरुवात केली. आबा पत्र हातात धरून ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, “मी कुणाचे पैसे खाल्ले का गं?” सबंध नोकरी हिशेबाला चोख राहिलेल्या माणसाला त्या पत्राने चोर ठरवलं होतं. तुमच्या वडिलांनाही आतून तेच लागलं असणार. म्हणून त्यांना आधी सांगा की कोर्टाच्या नजरेतही पैसे जास्त येणं वेगळं आणि खोटं बोलून घेणं वेगळं.

यात दोन प्रश्न आहेत आणि बँक ते मुद्दाम नसेल, पण एकत्र करते. पहिला, खरंच जास्त पैसे गेले का? दुसरा, गेले असतील तर ते आता वसूल करता येतात का? लोक थेट दुसऱ्यावर उडी मारतात, “आमची ऐपत नाही” म्हणून अर्ज करतात. त्या अर्जात आपण रक्कम मान्य करून बसतो. आधी हिशेब तपासा.

अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा. आजच्या हिशेबात 100 टक्के अपंगत्वाला मूळ पगाराच्या 30 टक्के मिळतात. जुन्या जवानांसाठी वेतन आयोगानंतर गृहीत धरलेला पगार घेतात. म्हणजे 40 टक्क्यांना 12 टक्के आणि 50 टक्क्यांना 15 टक्के. आता महत्त्वाचं: बोर्ड आऊट झालेल्यांसाठी 1 जानेवारी 1996 पासून टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा नियम आहे. 50 च्या खाली असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, त्याच्या वर 100. तुमच्या वडिलांचे 40 हे पेन्शनसाठी 50 धरले जायला हवेत. मूळ पगार 30,000 धरला तर 40 टक्क्यांना 3,600 होतात आणि 50 ला 4,500. महिन्याला 900 चा फरक, वर महागाईची वाढ, गुणिले इतकी वर्षं. बँकेने दाखवलेली ‘जादा’ रक्कम हाच फरक तर नाही ना, हे सगळ्यात आधी बघा.

आमच्याकडे मोठा भाग नेमका हाच निघाला. आबांची सगळी कागदपत्रं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, 1999 पासूनची पासबुकं बुटाच्या नाडीने बांधलेली. डब्याच्या तळाशी चार घड्या घातलेला एक कागद होता, घडीवर फाटलेला, सेलोटेपने चिकटवलेला. तो सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. एका रकान्यात 30, शेजारच्या रकान्यात 50. बँकेच्या तपासणीत फक्त पहिला पीपीओ पाहिला गेला होता आणि 30 च्या वरचं सगळं त्यांनी जादा धरलं. त्या एका कागदावर 1 लाख 94 हजार 300 रुपये मागणीतून गळाले. म्हणून वडिलांचा डबा, ट्रंक, देवघरामागची पिशवी, सगळं उलगडा. सुधारित पीपीओ सापडला नाही तर रेकॉर्ड ऑफिसकडून प्रत मागवता येते.

बँकेकडून महिनावार तक्ता मागा: किती देय होतं, किती दिलं, फरक किती, कोणत्या आदेशानुसार. याला ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट म्हणतात. काउंटरवर नुसतं तोंडी मागून मिळत नाही, असा माझा अनुभव. सरकारी बँक असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. हिशेब करूनही काही रक्कम खरोखर जादा निघू शकते. आमची निघाली, महागाईची वाढ चुकीच्या आकड्यावर लावली गेली होती. इथे पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा सर्वोच्च न्यायालयाचा 18 डिसेंबर 2014 चा निकाल कामाला येतो. चूक देणाऱ्याची असेल तर काही परिस्थितींत वसुली करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. खालच्या श्रेणीतले, म्हणजे क आणि ड वर्गातले कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे. वसुलीचा आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे मिळत असलेले. आणि एकूण वसुलीच अन्यायाची, जाचक ठरेल अशी प्रकरणं. तुमचे वडील निवृत्त आहेत आणि 2006 पासूनचा काळ आहे. दोन अटी तर इथेच बसतात. केंद्राच्या कार्मिक विभागानेही 2 मार्च 2016 च्या परिपत्रकात या परिस्थिती मान्य करून खात्यांना कळवलंय. अर्जात दोन्ही तारखा लिहा.

बँक यावर एक कागद पुढे करेल. पेन्शन खातं उघडताना “जादा रक्कम आली तर परत करीन” असं छापील हमीपत्र घेतलेलं असतं. 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा हमीला महत्त्व दिलंय, हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पण ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचं होतं, पगार वाढवून घेताना त्याने समजून-उमजून हमी दिली होती. तुमच्या वडिलांनी खातं उघडताना इंग्रजी छापील कागदावर सही केली, ही गोष्ट वेगळी, आणि ती तशीच मांडायची. 2022 मध्ये थॉमस डॅनियल प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की कर्मचाऱ्याने फसवणूक केली नसेल, चुकीची माहिती दिली नसेल, तर निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी वसुली करणं बरोबर नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचाही 2020 चा निकाल वाचून घ्या. भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले 85 वर्षांचे गृहस्थ, त्यांच्याकडून बँकेने साडेतीन लाखांहून जास्त वसुली काढली होती. न्यायालयाने बँकेला सुनावलं की पेन्शन ठरवणं तुमचं काम नाही. बँक फक्त वाटप करते. मंजुरी देणारं कार्यालय वेगळं, सैन्यासाठी ते प्रयागराजचं पीसीडीए, म्हणजे संरक्षण लेखा विभागाचं पेन्शन कार्यालय. म्हणून अर्जात थेट विचारा: ही वसुली प्रयागराजच्या कोणत्या पत्रावरून? 21 जानेवारी 2021 ला रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितलंय की जादा पेन्शनच्या वसुलीबाबत मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचं मार्गदर्शन घ्या. बँकेचीच चूक असेल तर तेवढी रक्कम पेन्शनरकडून यायची वाट न बघता सरकारकडे लगेच जमा करा, हेही त्यांना पुन्हा बजावलंय.

अर्ज लांबलचक नको. वरच्या तीन ओळींत हे यावं: रक्कम मान्य नाही, महिनावार हिशेब द्या, निर्णय होईपर्यंत कपात थांबवा. मग वडिलांनी कधीही खोटी माहिती दिली नाही, हयातीचा दाखला दरवर्षी दिला, हे. मग निकाल. शेवटी घरची परिस्थिती, औषधांच्या पावत्यांसकट. बँकेच्या पेन्शन केंद्राला मूळ प्रत, पीसीडीएला दुसरी, दोन्ही स्पीड पोस्टाने, पोचपावत्या जपून. वडिलांची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली असेल तर तिथेही तक्रार नोंदवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक असा अर्ज लिहायला फुकट मदत करतात. आम्हाला ज्या साहेबांनी मदत केली ते स्वतः माजी सुभेदार होते, त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि आधी चहा मागवला. आबा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलले.

एवढ्यावर भागलं नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ. अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने मिळतात. वसुलीला अंतरिम स्थगिती मागता येते. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दिव्यांग प्रमाणपत्र सोबत न्या. “वरपर्यंत ओळख आहे, दहा टक्के द्या” म्हणणाऱ्या एजंटला मात्र दारात उभं करू नका.

एक गोष्ट कडू आहे, पण वडिलांना आधीच सांगून ठेवा. मागची वसुली थांबली तरी पुढची पेन्शन बरोबर आकड्यावर आणली जाऊ शकते, ते बहुधा कुणी अडवत नाही. आबांची कपात पाच महिन्यांनी थांबली, कापलेले पैसे खात्यात परत आले, उरलेल्या 1 लाख 18 हजार 180 चा विषय दुसऱ्या अर्जानंतर सोडून दिला गेला, पण महिन्याची पेन्शन 640 रुपयांनी खाली आली ती आलीच. आबांनी ते खळखळ न करता मान्य केलं.

आज पीपीओ काढा आणि अपंगत्वाच्या टक्केवारीचे रकाने किती आहेत, त्यात काय आकडे आहेत, तेवढं इथे खाली लिहा. नाव आणि पीपीओ नंबर टाकू नका. मी बघून सांगते की 2 लाख 86 हजारांतले किती मुळातच त्यांच्या हक्काचे आहेत.