चढावर अर्धी बॅटरी कुठे जाते?

प्रश्न : मी हर्णैला राहतो, नोकरी दापोलीत. गेल्या दिवाळीत गिअरवाली माउंटन ई-सायकल घेतली. मोटर मागच्या चाकात, 250 वॅटची. बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर. सकाळी थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता नुसत्या मोटरवर, आसूदमार्गे दापोली गाठतो, तेव्हा डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या अर्ध्या दांड्या गेलेल्या असतात. संध्याकाळी सगळा उतार, तरी बॅटरी जराही भरत नाही. बॅटरी खराब निघाली का? की मोठी घेऊ?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : मला तरी बॅटरी खराब वाटत नाही, आणि नवी एवढ्यात घेऊ नका. आधी हिशेब करू.

36 गुणिले 10, म्हणजे 360 वॅट-अवर ही तुमची शिदोरी. त्यातली अर्धी, 180, सकाळी संपते. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण 250 मीटर उंच आहे. तुम्ही, सायकल आणि डबा-दप्तर मिळून 100 किलो धरले, तर एवढं वजन तिथवर चढवायला 68 वॅट-अवर लागतात. हळू जा नाहीतर जोरात, त्यात सूट नाही. टायरचं घर्षण, वारा आणि मधली खाली-वर यांचे पन्नास-साठ धरा. झाले सव्वाशे. वरचे पन्नासेक मोटर तापवण्यात गेले, आणि तेच वाचवता येतात.

100 मीटरला 8 मीटर चढणारा रस्ता घ्या. तिथे ताशी 10 किलोमीटरने 100 किलो वर न्यायला, घर्षण सोडून, जवळजवळ 220 वॅट लागतात. म्हणजे तुमची मोटर तिथेच टेकीला येते. चाकातली मोटर बनवलेली असते ताशी 25च्या आसपास फिरायला. निम्म्याहून कमी वेगात ती करंट भरमसाट ओढते, पण चाक त्या मानाने फिरत नाही. करंट दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते. आणि एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही : मागचे गिअर फक्त तुमच्या पायांसाठी आहेत, चाकातल्या मोटरला त्यांचा काही उपयोग नाही. पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलीत तीही चेनवरच चालते, म्हणून हलका गिअर टाकला की तिलाही हलकं होतं.

माझी पहिली ई-सायकल तुमच्यासारखीच होती. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला नुसत्या थ्रॉटलवर चढवली आणि वर जाऊन हबला (चाकाच्या मधल्या, मोटर असलेल्या भागाला) हात लावला तर चटका बसला. तेव्हापासून चढावर थ्रॉटलला मी हात लावत नाही.

तुम्हीही पाय चालवा. चढ लागायच्या आधी, सपाटीवरच, हलका गिअर टाका; जोर पडल्यावर बदललात तर चेन कडकडते आणि वेगही मरतो. असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मिळणारी मोटरची मदत, मधल्या पायरीवर ठेवा आणि पेडल मिनिटाला 70 फेरे तरी फिरू द्या. सवय झालेला माणूस तासभर 70-80 वॅट आरामात देतो. तेवढ्याने वेग 10 वरून 13-14 वर जातो आणि मोटरचा श्वास मोकळा होतो. तिच्यावरचा भार कमी होतो तो वेगळाच.

टायरही बघा. पुळणीवर फिरवायला हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्यावर येण्याआधी भरून घ्या. मऊ टायर रोज बॅटरी खातो. खाऱ्या वाऱ्याने आणि जांभ्याच्या धुळीने चेन सुकते, ती आठवड्याला पुसून तेल द्या.

उताराचं म्हणाल तर तुमच्यासारख्या बहुतेक मोटरींच्या आत फ्रीव्हील असतं. उतारावर चाक मोकळं फिरतं, मोटर फिरतच नाही, मग वीज कुठून तयार होणार? ब्रेक मारता तेव्हा सगळी ताकद ब्रेक पॅड तापवण्यात जाते. यात तुमच्या सायकलीचा दोष नाही.

ऑफिसात पोचल्या पोचल्या चार्जर लावत असाल तर ते थांबवा. बॅटरी अर्धा तास सावलीत निवू द्या.

आता दांड्यांचं. बरेच डिस्प्ले व्होल्टेज बघून दांड्या दाखवतात, आणि चढावर ताण आला की व्होल्टेज तात्पुरतं बसतं. म्हणून दापोलीत पोचल्यावर दहा मिनिटं थांबून मग बघा. आठवडाभर पाय चालवत या, रोजचा आकडा लिहून ठेवा आणि मला पाठवा. एवढं करूनही अर्ध्याच दांड्या उरत असतील, तर बॅटरी तपासून घ्यायचं बघू.