दिवसभर उपाशी आणि रात्री डबा रिकामा

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, वय 36, नवी पेठेत एका दुकानात अकाउंट्स बघते. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. रात्री सगळे झोपले की साडेअकराच्या सुमारास मी किचनमधे जाते, लाइट पण लावत नाही, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन बसते, एक म्हणता म्हणता चार भाकऱ्या होतात, मग फरसाण, मग मुलासाठी आणलेली बिस्किटं. भूक नसते ओ. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. आठवड्यातनं तीन-चारदा होतंच, आठ महिने झाले. सकाळी स्वतःची इतकी किळस येते की चार वाजेपर्यंत नुसत्या चहावर राहते, सोमवार-गुरुवार उपास पण धरलेत. मिस्टर म्हणतात तोंडावर ताबा ठेव. मला खरंच ताबा नाही का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या ‘लाइट पण लावत नाही’ पाशी अडकले. किती एकटं वाटत असेल.

तुम्ही हावरट नाही, हे आधी सांगते. याला डॉक्टर बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमधे 2013 पासून तो स्वतंत्र आजार म्हणून धरलाय. थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकटीनं खाणं, मग किळस, आणि हे आठवड्यातनं निदान एकदा, तीन महिने. तुमचं लिहिलेलं याच्याशी बरंच जुळतं, पण पक्कं निदान डॉक्टरच करतील, पत्रावरून करायची गोष्ट नाही ती.

तुम्हाला वाटतंय रात्रीचं खाणं ही चूक आणि दिवसाचा उपास हा त्यावरचा इलाज. मला तर तो उपासच यातला मोठा दोषी वाटतो. 1944-45 मधे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने साधारण निम्म्या जेवणावर ठेवलं होतं, ते सगळे स्वखुशीनं आलेले, तर त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याचेच विचार सुरू झाले, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावर त्यातले काहीजण पोट फुगेस्तोवर खायचे तरी मन भरायचं नाही. त्यांच्या स्वभावात काही खोट होती का? उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. तुम्ही चारपर्यंत चहावर राहता, रात्री शरीर वसुली करतं, सकाळी तुम्ही परत शिक्षा देता, की परत तेच. सोमवार सिद्धरामेश्वरासाठी धरला असता तर मी काही बोलले नसते, पण हा उपास तुम्ही स्वतःला शिक्षा म्हणून धरलाय.

म्हणून पहिल्यांदा सकाळचं खाणं सुरू करा, आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो. पोहे, उप्पीट, भाकरी-भाजी, काहीही चालेल. मग दुपारचा डबा, पाचच्या सुमाराला काहीतरी, रात्री नीट जेवण. तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. सुरुवातीला वजनाची भीती वाटेल, काही आठवडे काटा बघूच नका. शेंगाचटणी बंद करू नका हो, सोलापुरात राहून ते जमणारही नाही, आणि जे बंद करतो तेच रात्री हाका मारतं. दुपारच्या ताटात सगळ्यांसमोर वाढून घ्या.

एका वहीत फक्त एवढं लिहा, किती वाजता खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं. दुकानात हिशेब जुळला नाही, घरात कुणी टोचून बोललं, का दिवसभरात तेवढाच वेळ तुमचा स्वतःचा असतो? दोन आठवड्यांत काहीतरी दिसायला लागेल. रात्री ऊर्मी आलीच तर आधी लाइट लावा, ताटात घ्या, बसून खा. तरी जास्त खाल्लं गेलं तर दुसऱ्या दिवशी नाष्टा चुकवायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आठ महिने झालेत म्हणून मदत घ्याच. सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा यात चांगला उपयोग होतो, गरज पडली तर गोळ्याही असतात. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथं जाणं म्हणजे वेड लागलं असं काही नसतं. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलीमानस सेवा आहे, नंबर 14416, फुकट, मराठीत बोलतात. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि मिस्टरांना हे पान वाचायला द्या. ताबा ठेव म्हणण्याऐवजी त्यांनी रात्री थोडा वेळ तुमच्याबरोबर जागं राहावं, आज दुकानात काय झालं ते विचारावं. आठ महिन्यांत कुणी ते विचारल्याचं तुमच्या पत्रात मला तरी दिसलं नाही.