‘शारीरिक हालचाल’ की ‘व्यायाम’? मुलांच्या प्रश्नावलीतील शब्दांविषयी

अमळनेर तालुक्यातील एका शिक्षकांची शंका अशी आहे : साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कॅनडात तयार झालेली ‘पीएक्यू-सी’ ही प्रश्नावली आपल्या शाळेतील मुलांसाठी मराठीत आणायची आहे, तर तिच्या मुळाशी असलेल्या ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ या कल्पनेसाठी शारीरिक हालचाल, शारीरिक क्रिया, व्यायाम, कसरत, अंगमेहनत यांपैकी कोणता शब्द योग्य? माझे मत असे की, शीर्षकात आणि पालकांच्या संमतिपत्रात ‘शारीरिक हालचाल’ वापरावे; मुलांना विचारायच्या प्रश्नांत मात्र यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नये.

या कल्पनेची रूढ व्याख्या व्यापक आहे. स्नायूंच्या जोरावर झालेली आणि शरीराची ऊर्जा खर्च करणारी कोणतीही हालचाल तीत बसते. आपल्याकडे ‘व्यायाम’ म्हटले की सूर्यनमस्कार, जोर-बैठका किंवा मैदानाला मारलेल्या फेऱ्या आठवतात. त्यामुळे दिवसभर हुंदडणारे पोरही ‘व्यायाम करतोस का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘कसरत’ आता आखाड्यात कमी आणि अर्थसंकल्पाच्या बातम्यांत जास्त दिसते. ‘अंगमेहनत’ म्हणजे मोलमजुरी, असाच बहुतेकांचा समज असतो. ‘शारीरिक क्रिया’ तर सरळ शौचाकडे किंवा श्वासोच्छ्वासाकडे नेते, आणि सातवीच्या वर्गात हा शब्द मोठ्याने वाचला तर पुढची पाच मिनिटे हसण्यात जातील. ‘शारीरिक हालचाल’ त्यातल्या त्यात निर्दोष आहे, मात्र ती एकवचनीच ठेवावी, कारण ‘हालचाली’ म्हटले की त्या संशयास्पद असाव्यात असे वर्तमानपत्रांनी आपल्याला शिकवले आहे.

मुलाला नाव सांगावे ते कृतीचे. मूळ प्रश्नावलीतही खेळांची लांबलचक यादी दिली आहे. तिच्यात आइस हॉकी, बर्फावरील स्केटिंग आणि स्कीइंग आहे, बेसबॉल आहे, वल्हवायची होडीही आहे. तापीकाठच्या मुलालाही यांतले फारसे काही लागू पडत नाही. पण हातात दांडके आहे म्हणून बेसबॉलच्या जागी क्रिकेट, अशी अदलाबदल करून चालणार नाही. दमछाक कितपत होते ते पाहून बदल करावा. आइस हॉकीच्या जागी कबड्डी किंवा लंगडी शोभेल. खो-खो यादीत हवाच, पण पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण पाटीवर बसलेले असतात आणि एकच धावत असतो, हे गुण देताना ध्यानात असू द्यावे.

यादीत खेळांच्या बरोबरीने कामेही यायला हवीत, आणि खानदेशासाठी माझ्या मते हा सर्वांत मोठा बदल आहे. पाण्याचा हंडा आणणे, अंगण झाडणे, बकऱ्या चारणे, दिवाळीच्या आगेमागे घरच्या शेतात कापूस वेचणे, यांत मुलामुलींचे तासन्‌तास जातात. विशेषतः मुलींची हालचाल खेळांच्या यादीत सापडतच नाही आणि मग अहवालात त्या ‘निष्क्रिय’ ठरतात. मात्र ‘शेतात काम करतेस का?’ असे विचारले की बालमजुरीची चौकशी आली या धास्तीने उत्तर बदलते. ‘घरच्यांना मदत करताना यांतले काय काय केलेस?’ असा प्रश्न केला तर मूल मोकळेपणाने सांगते.

आता खुद्द मराठीच्या अडचणी. ‘किती वेळ’ आणि ‘किती वेळा’ यांत एका कान्याचा फरक आहे. मूळ यादीत आठवड्यातून किती वेळा ते विचारले आहे, आणि घाईने वाचणारे मूल ‘अर्धा तास’ असे उत्तर देऊन मोकळे होते. म्हणून प्रश्नात ‘एकदा-दोनदा, तीन-चारदा’ असे पर्यायच छापावेत. ‘गेल्या आठवड्यात’ हेही निसरडे आहे. त्याचा अर्थ कोणी मागचा सोमवार ते रविवार असा घेईल, कोणी आजपासून मागचे सात दिवस असा घेईल. शिवाय आपण सात दिवसांना ‘आठ दिवस’ म्हणतो. ज्या गावी आठवडे बाजार भरतो तिथे बाजाराच्या दिवशीच प्रश्नावली भरून घेऊन ‘मागच्या बाजारापासून कालपर्यंत’ असे म्हटले तर वाद उरत नाही. ‘खेळलास/खेळलीस’ अशा तिरप्या रेघांनी कागद भरून टाकण्यापेक्षा ‘सायकल चालवलीस का?’, ‘दोरीवरच्या उड्या मारल्यास का?’ अशी, कर्मानुसार चालणारी वाक्ये निवडावीत. ती मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात.

श्रमाची तीव्रता सांगताना ‘घाम येईपर्यंत’ ही खूण टाळावी. जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ओट्यावर बसलेल्यालाही घाम येतो. ‘दम लागला’, ‘धाप लागली’, ‘छातीत धडधडले’ या खुणा बाराही महिने खऱ्या ठरतात.

शाळेच्या दिवसाची चौकट जुळवताना थोडे जपावे. मूळ प्रश्नावलीत सुट्टी आणि जेवणाची वेळ असे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे अनेक शाळांत मधली सुट्टी आणि पोषण आहाराची खिचडी एकत्रच असते. दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा मोह होईल, पण एकूण गुण म्हणजे नऊ प्रश्नांच्या एक ते पाच गुणांची सरासरी असल्याने एक प्रश्न वगळला की ती आठांची होते आणि इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना तसे स्पष्ट सांगावे लागते. (मोठ्या मुलांच्या ‘पीएक्यू-ए’मध्ये सुट्टीचा प्रश्न मुळातच वगळलेला आहे, तेव्हा हे अगदीच अघटित नव्हे.) ‘वीकएंड’साठी ‘शनिवार-रविवार’ लिहिताना शनिवारी सकाळची शाळा असते हे विसरू नये.

दोघांनी स्वतंत्र भाषांतर करणे, ती जुळवणे, आणखी दोघांकडून उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत) करून घेणे, जाणकारांनी एकत्र बसून पाहणे आणि शेवटी तीस-चाळीस जणांवर चाचणी घेणे, ही २००० सालापासून रुळलेली पद्धत चांगलीच आहे. तरी उलट भाषांतरावर फार विसंबू नये. ‘शारीरिक क्रिया’चे उलट भाषांतर अगदी मूळ शब्दांत परत येईल आणि मुलाला काही कळलेले नसेल. ‘या ओळीत काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग’, असे मुलालाच विचारण्याने जास्त उलगडते, आणि ते सांगताना ते मूल ‘पयनं’ (पळणे), ‘खेयनं’ (खेळणे) असे अहिराणीत बोलले तर त्याला थांबवू नये. छापील प्रश्न प्रमाण मराठीत राहावेत. समजावणे घरच्या बोलीत व्हावे. नंदुरबारकडच्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही, तिथे स्वतंत्र भाषांतरच लागेल.

मूळ प्रश्नावलीच्या अखेरीस, गुणांत न धरला जाणारा असा एक प्रश्न आहे : त्या आठवड्यात आजारपणामुळे किंवा दुसऱ्या काही कारणाने नेहमीची हालचाल अडली का? आपल्याला उलट बाजूही विचारावी लागेल, कारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत मुली झाडाला बांधलेल्या झोक्यांवर असतात आणि लग्नसराईत पोरे रात्रभर वरातीत नाचतात. तेव्हा त्या प्रश्नात सण, लग्न आणि यात्रा हे पर्याय घालावेत आणि प्रत्येक कागदावर तारीख न चुकता लिहून घ्यावी.