नर्सिंग सोडून डेंटल हायजीन: कॅनडाला येण्याचा क्रम

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुम्ही जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला आहे, यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटावर स्टाफ नर्स म्हणून काम करता, रात्रपाळ्या आणि कंबरदुखी यांना कंटाळला आहात, आणि नर्सिंग कायमचे सोडून कॅनडात डेंटल हायजीनचा, म्हणजे दात-हिरड्या साफ करून त्यांची निगा राखण्याचा, डिप्लोमा करावा असे तुमच्या मनात आहे. नागपूरच्या एजंटाने तिथल्या ओंटारियो प्रांतातील एक खासगी कॉलेज सुचवले असून त्याच्या फीसाठी वडील शेत गहाण ठेवायला तयार आहेत. मी दारव्ह्याकडची, आधी नर्स होते आणि आता ओंटारियोत डेंटल हायजिनिस्ट आहे, म्हणून माझे मत तुम्हाला हवे आहे.

पेशा बदलण्याला माझा विरोध नाही. तुम्ही ठरवलेला क्रम मात्र मला धोक्याचा वाटतो. कॅनडाने २०२३ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे स्थायी निवासासाठीच्या निवडप्रक्रियेत, आरोग्यसेवकांसाठी वेगळी निवड सुरू केली आणि तिच्यात नोंदणीकृत नर्सेसचा समावेश आहे. म्हणजे आज तुमच्या हातात असलेली, तुम्हाला नकोशी झालेली पात्रताच तुम्हाला या देशात आणू शकते. डेंटल हायजीन तुम्हाला पहिल्या दिवसापासून शिकावे लागेल. ओंटारियोच्या सरकारी कॉलेजांत हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, आणि नर्सिंगच्या शिक्षणामुळे त्यातील एखाद्या विषयात सूट मिळाली तरी वर्षे कमी होत नाहीत. परदेशी विद्यार्थिनी म्हणून तुम्ही त्यासाठी जी फी भराल, ती स्थायी रहिवाशाच्या फीच्या कितीतरी पट असते. उलट नर्स म्हणून येऊन स्थायी निवास मिळाल्यावर तोच अभ्यासक्रम स्थानिक फीमध्ये करता येतो आणि प्रांताच्या शैक्षणिक अर्थसाहाय्यासाठी अर्जही करता येतो. मी याच क्रमाने आले. अमेरिकेचा विचार मनात येत असेल, तर तिथेही नर्सेसना ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याच्या बाजारपेठ-चाचणीतून (स्थानिक कामगार मिळत नाही हे दाखवण्याच्या अटीतून) सूट आहे आणि हायजिनिस्टना नाही, मात्र भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची आहे.

आता एजंटाच्या कॉलेजाबद्दल. ओंटारियोतील काही खासगी करिअर कॉलेजे डेंटल हायजीन शिकवतात आणि त्यांतील काहींना कॅनडाच्या दंतशिक्षण मान्यता आयोगाची मान्यताही आहे, त्यामुळे तिथून शिकलेली व्यक्ती राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना मिळवू शकते. एजंट एवढेच सांगतो आणि ते खोटे नसते. तो सांगत नाही ते असे की, या खासगी करिअर कॉलेजांतून शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही. हातात डिप्लोमा, डोक्यावर कर्ज आणि काम करण्याची परवानगी नाही, अशा अवस्थेत परतलेल्या मुलीच्या वडिलांचे शेत गहाणच राहते. सरकारी कॉलेजांत ही अडचण नाही, परंतु या अभ्यासक्रमाच्या जागा मुळात मोजक्या असतात आणि परदेशी विद्यार्थ्यांना त्या मिळतीलच असे नाही, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयाला स्वतः ईमेल करून विचारा. याशिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च वगळून राहण्याच्या खर्चासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. तो आकडा वडिलांसमोर रुपयांत मांडा.

कामाविषयी तुमची कल्पना थोडी सौम्य आहे असे पत्रावरून वाटते. हायजिनिस्ट ही दंतवैद्याच्या शेजारी सक्शन धरून उभी राहणारी मदतनीस नसते. तो पेशा वेगळा. हायजिनिस्ट रुग्णाचा वैद्यकीय इतिहास घेते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी सळई घालून हिरडीची खोली मिलिमीटरमध्ये मोजते, एक्स-रे काढते, हिरडीखालचे कीटण खरवडते, फ्लोराइड लावते आणि रुग्णाला घरी काय करायचे ते शिकवते. ओंटारियोत २००७ पासून आवश्यक अटी पूर्ण करणारी हायजिनिस्ट दंतवैद्याच्या आदेशाशिवाय स्वतः कीटण काढू शकते, आणि काही जणी स्वतःचे क्लिनिकही चालवतात. या कौशल्यात सर्वांत अवघड जाते ते आरशात पाहून काम करणे. वरच्या दाढांची मागची बाजू थेट दिसत नाही, आरशात ती उलटी दिसते, आणि त्या उलट्या प्रतिमेवर डोळा ठेवून धारदार क्युरेट (कीटण खरवडण्याचे हत्यार) योग्य कोनात फिरवताना अनामिकेचा टेकू शेजारच्या दातावरून सुटता कामा नये, नाहीतर हिरडी फाटते. शिरेत सुई घालणारा हात स्थिर असतो हे खरे, पण त्या सवयीचा इथे फार उपयोग होत नाही. पहिले वर्ष प्लास्टिकच्या दातांवर जाते.

कंबर सुटते, मान अडकते. दिवसभर वाकून, हात हवेत धरून, मनगट वळवत राहिल्याने मान, खांदे आणि मनगटे यांची दुखणी या पेशात सर्रास आढळतात. तुमच्या कंबरदुखीचे मूळ मणक्यात असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवून मगच निर्णय घ्या. रात्रपाळी नाही, मृत्यू जवळजवळ पाहावा लागत नाही, एका रुग्णाला साधारण तासभर मिळतो, आणि हे सुख मी कमी लेखत नाही. आपल्याकडे एका नर्सवर अख्खा वॉर्ड सोडून देतात हे मी विसरलेली नाही. परंतु अनेक हायजिनिस्ट दोन-तीन क्लिनिकमध्ये तासावर काम करतात, रुग्ण आला नाही तर काही ठिकाणी तो तास बिनपगारी जातो, आणि रुग्णालयातील नर्सला मिळते तसे निवृत्तिवेतन छोट्या क्लिनिकमध्ये सहसा नसते. मे २०२४ पासून कॅनडाच्या केंद्रीय दंतसेवा योजनेतून उपचार मिळू लागल्याने, खासगी विमा नसलेले पुष्कळ वृद्ध प्रथमच खुर्चीत येऊ लागले आहेत, त्यामुळे कामाची वानवा मात्र नाही.

आधी भारतातच हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स करावा का, हेही तुम्ही विचारले आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने हा पेशा मान्य केला, पण आपल्याकडे दात साफ करण्याचे काम दंतवैद्य स्वतःच करतात आणि हायजिनिस्टला जागा क्वचित निघते. कॅनडात त्या शिक्षणाचे वेगळे मूल्यांकन होते, आणि त्या वाटेवर तुमची गाठ भारतातून आलेल्या बीडीएस झालेल्यांशी पडेल, कारण त्यांच्यापैकी अनेक जण इथे हायजिनिस्टचाच परवाना घेतात. तो कोर्स करू नका.

तुमच्याजवळ जे आहे ते या बीडीएसवाल्यांपैकीही थोड्यांकडे असते. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवतात, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागणार नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा रुग्ण ती गोष्ट सांगायची विसरतो, हे तुम्ही जाणता. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्या पोराला तोंड उघडायला सांगितल्यावर त्यात तीन बोटे मावत नाहीत, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागते, हे तुम्ही ओपीडीत पाहिले आहे. इथल्या विद्यार्थ्यांना हा सुपारीमुळे होणारा रोग, सबम्युकस फायब्रोसिस, चित्रात दाखवावा लागतो. सुपारी इथल्या भारतीय किराणा दुकानांतही मिळते, तेव्हा ते रुग्ण तुमच्या खुर्चीतही बसतील, आणि तुम्ही विचारलेत तर कदाचित खरे सांगतील.

राजीनामा आत्ता देऊ नका. नोकरीत असतानाच नर्सिंग स्कूलकडून गुणपत्रके आणि तासांच्या तपशिलासह ट्रान्सक्रिप्ट मागवा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, आणि प्रत्येक कंत्राटाचे अनुभवपत्र तारखांसह वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने घ्या, कारण अधीक्षकांची बदली झाल्यावर जुनी सही मिळवणे फार कठीण जाते. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव पासपोर्ट, जीएनएमचे प्रमाणपत्र आणि कौन्सिलची नोंदणी यांत वेगळे असेल, तर राजपत्रातील नावबदल आधी करून घ्या. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी रात्रपाळीतही होऊ शकते. हे सर्व हाती आल्यावर ओंटारियोच्या कॉलेज ऑफ नर्सेसकडे (हे शिकवणारे कॉलेज नसून नर्सेसची नोंदणी करणारी संस्था आहे) अर्ज करा, आणि तोपर्यंत वडिलांना सातबारा घेऊन बँकेत जाऊ देऊ नका.