इतिहासाच्या एम.ए.साठी 25 लाखांचं कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनला इतिहासाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय, सगळा खर्च 25 लाखांच्या घरात आहे आणि वडील राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. कर्ज काढावं का?

मी 2013 साली हेच केलं होतं, 14 लाखांचं कर्ज काढून. ते फिटलं. तरीही तुमच्या आकड्यावर माझं उत्तर ‘आत्ता नको’ असंच आहे. इतिहासाला भाव नाही म्हणून नव्हे (ते ऐकवायला नातेवाईक आहेतच), तर या विषयातली कमाई उशिरा येते आणि हप्ता लवकर येतो म्हणून.

आधी हिशेब. शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं. दर 11 टक्के धरा. 25 लाखांवर दोन वर्षांचं सरळव्याज साडेपाच लाख, म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर साडेतीस लाख. (पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडं कमी.) दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 42,000. पंधरा वर्षं घेतलीत तर हप्ता 34,700 च्या आसपास येतो, पण एकूण 62 लाखांच्या वर भरावे लागतात.

आता हे शेजारी ठेवून बघा: 2023 पासून यूजीसीची जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांची संशोधनवृत्ती, महिना 37,000 आहे. म्हणजे नेट परीक्षेत जेआरएफ काढलीत तरी दहा वर्षांचा हप्ता त्यात बसत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

‘आयकराच्या 80ई कलमाखाली कर वाचेल’ असं बँकेत सांगतील. वाचतो, पण फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि तोही जुनी करप्रणाली निवडली तरच.

‘तिकडेच नोकरी करून फेडेन’ हा पुढचा विचार मनात असणारच. माझ्या वेळी तो रस्ता बंद होता. शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा ब्रिटनने 2012 च्या एप्रिलमध्ये बंद केला आणि 2021 मध्ये नव्या रूपात आणला. सध्या त्यावर दोन वर्षं मिळतात, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच. त्यापुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, आणि त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै 2025 मध्ये 41,700 पौंडांवर गेली. नव्या पदवीधरांना सवलत आहे, पण तीही 33,400. संग्रहालयात किंवा प्रकाशनात सुरुवातीलाच तेवढा पगार देणारी जागा मिळवणं अवघड आहे.

माझं काय झालं ते सांगते. परत आले तेव्हा हप्ता साडेपंचवीस हजारांचा होता. एका अभिलेखागाराच्या प्रकल्पात 18,000 वर काम मिळत होतं. मोडी कागदपत्रांची सूची करायची होती. मी ज्यासाठी शिकले ते हेच. पण 18,000 मधून साडेपंचवीस हजार कसे भरणार? म्हणून एका ई-लर्निंग कंपनीत 32,000 वर शाळेच्या धड्यांच्या पटकथा लिहायला लागले. त्या प्रकल्पात ज्यांनी तीन-चार वर्षं काढली, त्यांची पुढची कामं तिथल्याच ओळखींतून मिळाली. मी त्या रांगेत कधी उभीच राहू शकले नाही. इंजिनिअरची पहिली नोकरी कर्ज फेडते; आपल्या विषयात पहिली नोकरी ही बऱ्याचदा अर्ध्या पगारावरची उमेदवारी असते. म्हणून ‘या पदवीवर सरासरी किती मिळतं’ हे बघू नका. पहिल्या पाच वर्षांत तुम्हाला जे काम करायचंय त्याचा पगार काढा आणि हप्ता त्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होतोय का ते तपासा. पाचवा भाग हा माझा अंदाज, कुठला नियम नाही.

मग पर्याय काय? विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचारा. बरीच विद्यापीठं मान्य करतात. त्या वर्षात शिष्यवृत्त्यांच्या मागे लागा. ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठी फेलिक्स आहे, प्रामुख्याने भारतीयांसाठी. ब्रिटिश सरकारची चेवनिंग सगळा खर्च देते, पण तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अर्धी फी जरी सुटली तरी चित्र बदलतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. तेवढ्यात भागत असेल तर मी स्वतः ‘जा’ म्हणेन. एक वर्षाच्या ब्रिटिश एम.ए.ला इकडे किंमत नाही, ही भीती मात्र सोडा. जुलै 2022 च्या करारानंतर ती मान्य आहे.

आणि वडिलांच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते सहकर्जदार असतील, म्हणजे तुमचा हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर पडतो आणि वसुलीचे फोन त्यांना येतात. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी असतील तर वरचं बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याशी हे बोला.